मागच्या ओळीतलं पिंप

पोलीस खात्यात मी तेहतीस वर्षं काढली. एवढ्या वर्षांत हाताखालून गेलेले बरेचसे गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेलेत. कुठल्या चोरीतला मुद्देमाल कुठल्या विहिरीत सापडला, हे कोणी विचारलं तर माझी गडबड होईल. पण कॉलेजच्या वसतिगृहातली ती सोमवारची सकाळ आणि तिच्यानंतरचे दहा दिवस मी आजही क्रमानं सांगू शकतो. त्या तपासात माझ्या हातून एक चूक झाली. ती झाकून ही गोष्ट सांगता येत नाही, म्हणून इतकी वर्षं पुरी कोणाला सांगितली नव्हती. यातली काही माणसं अजून त्या भागात आहेत, तेव्हा नाव कोणाचंच देणार नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी कराडच्या बाजूला एका ठाण्यात फौजदार होतो. हद्दीत गावाबाहेरच्या माळावर एक कॉलेज होतं. आसपासच्या गावांनी बैलगाड्यांनी दगड आणून टाकले, उसाच्या बिलातून वर्गणी कापून दिली, आणि त्यातून ते उभं राहिलं होतं. प्राचार्य करारी होते. स्वतः सायकलवर यायचे. रिकाम्या वर्गातला दिवा जळताना दिसला तर शिपायाला हाक न मारता स्वतः जाऊन बंद करायचे. शेतकऱ्याच्या पोराला परवडलं पाहिजे, हे त्यांचं एकच धोरण. त्यांच्या वसतिगृहाची फी आसपासच्या दोन्ही जिल्ह्यांत सगळ्यात कमी, असं ते अभिमानानं सांगत आणि ते खरंही होतं.

वसतिगृहाला पाणी विहिरीचं. पंपानं ते उंच टाकीत चढायचं आणि तिथून नळाला यायचं. वीज दिवसातून कधी असायची, कधी नसायची. म्हणून खोल्यांच्या चारही ओळींपुढं प्यायच्या पाण्याचं एकेक लोखंडी पिंप ठेवलेलं होतं. ही पिंपं नुकतीच, महिन्याभरापूर्वी आली होती. बाहेरून हिरवा रंग दिलेला, वर लाकडी झाकण.

त्या सोमवारी सकाळी ठाणे अंमलदारानं मला घरून बोलावलं. वसतिगृहातली मुलं पटापटा पडायला लागली होती. मी पोचलो तेव्हा व्हरांड्यात चटयांवर मुलं तळमळत होती. कोणाला उलट्या, कोणाला झटके. एकाला तर चार जणांनी धरूनही आवरत नव्हतं. ट्रकमध्ये घालून त्यांना कराडला दवाखान्यात हलवलं. अकरा मुलं होती. दहा वाचली. आष्ट्याकडच्या एका खेड्यातला, शास्त्र शाखेच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा दुपारी गेला.

त्याचे वडील संध्याकाळी आले. लष्करातून निवृत्त झालेला, उंचापुरा माणूस. रडले नाहीत. मला एवढंच म्हणाले, "सायेब, माझं पोरगं आजारी नव्हतं. ह्याचं काय ते तुमी बघा." मी बघतो म्हणालो.

डॉक्टरांना त्या दिवशी नक्की काही सांगता येत नव्हतं. रात्रीच्या जेवणातून विषबाधा झाली असावी, असाच त्यांचा अंदाज. मी आचाऱ्यांचे जबाब घेतले, उरलेल्या आमटीचा आणि धान्याचा नमुना घेतला. पाण्याचा नमुना टाकीतून घेतला. माझे जमादार वयानं मोठे, निवृत्तीला आलेले. ते म्हणाले, साहेब, पिंपांतलंही घेऊ या. मी म्हटलं, पाणी एकच, टाकीतलं घेतलं की झालं; बाटल्याही पुऱ्या नाहीत. त्यांनी वाद घातला नाही. दवाखान्यातून चार रिकाम्या बाटल्या मागून आणल्या, चारही पिंपांतलं पाणी भरलं, पंचांच्या सह्या घेतल्या, लाखेची मोहोर केली. मला वाटलं, म्हातारा उगाच काम वाढवतोय.

मंगळवारी टपालानं एक पत्र आलं. निनावी. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून सुटं सुटं, छापील वळणाचं लिहिलेलं. मजकूर दोन ओळींचा. टाकीत पिकावरचं औषध टाकलं आहे. शिडी कोण चढतो आणि कोणाला कामावरून काढलं आहे, याचा तपास करावा.

शिडी चढणारा माणूस एकच होता. पंप चालवणारा. वय पन्नाशीच्या आत-बाहेर. तोही लष्करात होता, तिथं इंजिनं आणि पंप चालवायचं काम शिकलेला. त्याचं घराणं छप्पन्न सालानंतर बौद्ध झालेलं. कॉलेज सुरू झालं तेव्हापासून तो पंपावर होता. विहिरीशेजारी पंपाची खोली, तिला लागून त्याची राहायची खोली, मागं वांग्या-मिरच्यांचा वाफा. टाकीच्या झाकणाची किल्ली त्याच्याच कमरेला असायची.

त्याला कामावरून काढल्याचं मला कॉलेजच्या मुख्य कारकुनाकडून कळलं. हा कारकून चाळिशीचा, नीटनेटका, तत्पर. पहिल्या दिवसापासून तोच आमच्या मदतीला होता. पंच आणून देणं, आजारी मुलांची यादी करणं, चहा पाठवणं, सगळं न सांगता करायचा. त्यानंच कपाटातून नोटिशीची नक्कल काढून माझ्या हातात दिली. वरिष्ठांशी उद्धट वर्तन, सबब महिन्याअखेर नोकरी समाप्त. नोटीस घटनेच्या आदल्या आठवड्यातली होती.

मी दोन पंच घेऊन पंपवाल्याच्या खोलीची झडती घेतली. माळ्यावर एंड्रिनची, म्हणजे पिकावरच्या औषधाची, बाटली सापडली, अर्धी रिकामी. तो म्हणाला, वांग्यावरच्या किडीसाठी आणलीय. त्या काळी आमच्या हद्दीत जवळजवळ प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात ती बाटली असायची. हे मला ठाऊक होतं. पण माझ्या खिशात पत्र होतं, हातात नोटीस होती, आणि समोर बाटली. मी त्याला अटक केली.

चौकशीत तो ताठ उभा राहायचा, पलटणीत उभा असल्यासारखा. तेच तेच सांगायचा, "म्या टाकीत काय टाकलं न्हाई, सायेब. रविवारी टाकी धुतली. तिथनं पुढं झाकान उघडल्यालं न्हाई." नोटिशीचं कारण विचारलं तर म्हणाला, "अर्ज केला म्हून नोटीस आली." कसला अर्ज, ते सांगायला त्यानं तोंड उघडलं आणि मी त्याला मध्येच थांबवलं. उद्धटपणाबद्दल नोटीस मिळालेला माणूस अर्जाच्या गोष्टी सांगतोय, असं मला वाटलं. मी त्याच्या कानाखाली मारली. हे लिहायला नको वाटतं, तरी लिहितो. तो एक पाऊलही हलला नाही. त्यानंतर मात्र बोलायचाच बंद झाला, आणि त्या गप्प बसण्याचाही मी कबुलीच्या बाजूनंच अर्थ लावला.

बुधवारी मॅजिस्ट्रेटनं पोलीस कोठडी दिली. गावात तर निकालच लागला होता. बाजारात, सलूनमध्ये, सोसायटीच्या कट्ट्यावर एकच चर्चा. काही जण मोठ्यानं बोलत की पाण्यावर असला माणूस ठेवायचाच कशाला. असला म्हणजे कसला, हे कोणी सांगत नव्हतं आणि कोणी विचारतही नव्हतं. एरवी गावातल्या कोणाला आत घेतलं की तासाभरात चार पुढारी रदबदलीला येऊन बसत. या माणसासाठी कोणी आलं नाही. मला तेव्हा ते सोयीचंच वाटलं.

त्याची बायको मात्र रोज यायची. ती वसतिगृहात धान्य निवडायचं आणि झाडलोटीचं काम करायची. डबा द्यायची आणि आवाराच्या भिंतीला टेकून बसून राहायची. तिसऱ्या दिवशी मी जीपमधून उतरताना ती समोर आली. मला वाटलं, पाया पडेल, रडेल. तिनं तसलं काही केलं नाही.

"सायेब, येक इचारू?" ती म्हणाली. "पडली ती समदी मागल्या वळीतली पोरं. बाकीच्या तीन वळीतलं येकबी पोरगं पडलं न्हाई. टाकी तर समद्यास्नी येकच हाय न्हवं?"

मी तिला म्हटलं, तपास चालू आहे, तू घरी जा. ती बाजूला झाली. मी खोलीत आलो, कागद पुढं ओढले. आजारी मुलांची यादी माझ्याच फायलीत होती. नाव, वय, गाव, खोली नंबर. मी खोली नंबर बघितले नव्हते. बघितले, तेव्हा अकराही मागच्या ओळीचेच निघाले. तरीही मी मनाची समजूत घातली की मागच्या ओळीतली मुलं रात्री उशिरा जेवली असतील, काही वेगळं खाल्लं असेल. माणूस एकदा आत घातला की त्याला बाहेर काढणारी कारणं पोलिसाला दिसत नाहीत. बाहेर काढलं तर आत का घातलं, याचं उत्तर द्यावं लागतं.

ते उत्तर मला पुण्याहून आलेल्या अहवालानं द्यायला लावलं. मेलेल्या मुलाच्या व्हिसेऱ्यात आणि पाण्यात काय सापडतं हे लवकर कळावं म्हणून मी एका शिपायाला नमुने घेऊन पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवलं होतं, तिथंच थांब म्हणून सांगितलं होतं. आठव्या दिवशी तो अहवाल घेऊन आला. मुलाच्या पोटात एंड्रिन. अन्नात काही नाही. टाकीच्या पाण्यात काही नाही. तीन पिंपांत काही नाही. चौथ्या बाटलीत, मागच्या ओळीतल्या पिंपाच्या, एंड्रिन.

जमादार शेजारी उभे होते. त्यांनी 'मी म्हणालो होतो' असं म्हटलं नाही. एवढंच विचारलं, "साहेब, ते पत्र परत एकदा बघायचं का?"

मी पत्र काढलं. टाकीत पिकावरचं औषध टाकलं आहे. पाकिटावर आमच्याच गावच्या पोस्टाचा शिक्का, सोमवारचा. मी तो शिक्का आधीही पाहिला होता, पण त्याचा अर्थ लावला नव्हता. सोमवारी संध्याकाळपर्यंत डॉक्टरसुद्धा अन्नातून विषबाधा म्हणत होते. पिकावरचं औषध हा शब्द त्या दिवशी कोणाच्याही तोंडात नव्हता. मग तो या पत्रात कुठून आला? ज्याला आधीपासून माहीत होतं, त्यानंच हे लिहिलं होतं. आणि त्यानं आम्हाला टाकीकडं पाठवलं, कारण त्याला पिंपाकडं कोणी बघायला नको होतं.

आम्ही दोघं तडक वसतिगृहावर गेलो. मुलांना घरी पाठवलेलं होतं. खोल्यांना कुलुपं होती. मागच्या ओळीतलं पिंप धुऊन पालथं घातलेलं. रखवालदार म्हणाला, सोमवारी रात्रीच मुख्य कारकुनांनी समोर उभं राहून धुऊन घेतलं. जमादारांनी खिशातला चाकू काढला आणि पिंपाचा हिरवा रंग खरवडायला सुरुवात केली. आत जुना राखाडी रंग होता. मग लाल पट्टा लागला. पट्ट्याच्या खाली, अर्धी पुसलेली, हाडांच्या फुलीवरची कवटी दिसली. इतके दिवस पन्नास-साठ मुलं त्या पिंपापुढं तांब्या घेऊन उभी राहत होती आणि कवटी हिरव्या रंगाच्या आत होती. पाण्याला वास येतो, अशी कुरकुर काही मुलांनी केलीही होती. नव्या रंगाचा असेल, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. महिनाभर त्या पाण्यानं कोणी आजारी पडलं नव्हतं. तळाच्या शिवणीत अडकलेलं औषध, पिंप कधी नव्हे ते तळापर्यंत रिकामं करून घासलं गेलं, तेव्हा सुटलं असावं, असं पुढं प्रयोगशाळेच्या लोकांनी सांगितलं. ते पिंप घटनेच्या आदल्या दिवशी, टाकी धुतली त्याच रविवारी, आल्यापासून पहिल्यांदाच घासलं होतं.

पिंपं सांगलीहून आली होती, एवढं रखवालदाराला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जमादारांना घेऊन मी सांगली गाठली. जुनी पिंपं आणि डबे विकणारी तीन-चार दुकानं होती. दुसऱ्याच दुकानदाराला आमच्या कॉलेजचं गिऱ्हाईक आठवलं.

तो म्हणाला, कारकून सहा पिंपं घेऊन गेला. नवी पत्र्याची टाकी त्याला परवडत नव्हती. "चार त्येलाची हुती, दोन औषधाची. लाल पट्ट्याची दोन बाजूला ठिवा, डांबरासाठी वापरा, पान्यासाठी न्हाई, असं म्या सवता सांगितलंय, सायेब. गड्याम्होरं सांगितलंय." त्याच्या हमालानंही तसाच जबाब दिला.

सहा. आणि वसतिगृहात चार.

परत येताना मी जमादारांना विचारलं, कारकुनाचं घर कुठं आहे? ते म्हणाले, वरच्या आळीत. मग थोडं थांबून म्हणाले, त्याची म्हैस मेली, गेल्याच्या आधीच्या शनिवारी. चांगली दुभती होती. आमच्या शेजाऱ्यानं विचारलं कशानं, तर काही धड सांगितलं नाही. ढोर ओढणाऱ्यांनाही दिली नाही, मळ्यात खड्डा काढून पुरली.

तो शनिवार म्हणजे घटनेच्या दोन दिवस आधी.

मी कारकुनाला ठाण्यावर बोलावून घेतलं. तो आला तो नेहमीसारखाच, हातात फाईल, काय मदत करू म्हणत. मी त्याला खुर्ची दिली. अहवालाचं, सांगलीचं, पत्राचं काहीच काढलं नाही. आवाजही चढवला नाही; त्या दहा दिवसांत मला माझ्या आवाजाची लाज वाटायला लागली होती. मी फक्त विचारलं, "तुमची म्हैस कशानं मेली?"

त्याच्या हातातली फाईल मांडीवर आली. त्यानं पाणी मागितलं, ते प्यायला, आणि बोलायला लागला. मला फारसे प्रश्न विचारावे लागले नाहीत.

प्राचार्यांनी पाण्यासाठी साठवण करा, पण खर्च वाढवू नका, असं सांगितलं होतं. त्यानं सांगलीतून सहा पिंपं आणली. दोन स्वतःच्या घरासाठी. दुकानदारानं सांगितलेलं त्याच्या लक्षात होतं, पण गरम पाण्यानं आणि सोड्यानं धुतली की सगळं जातं, अशी त्याची समजूत. सगळ्यांना एकाच हिरव्या रंगानं रंगवून घेतलं. रंग दिल्यावर कुठली दोन लाल पट्ट्याची, हे त्याचं त्यालाही ओळखेना. एवढ्या कमी खर्चात काम झालं म्हणून प्राध्यापकांच्या बैठकीत प्राचार्यांनी त्याचं नाव घेऊन कौतुक केलं. काटकसर यांच्याकडून शिकावी, असं म्हणाले.

"घरची पिंपं महिनाभर अंगणात तशीच पडून होती," तो म्हणाला. "शनिवारी त्यांतलं एक म्हशीला पाण्यासाठी भरलं. दुपारी ती आडवी झाली. पाय झाडायला लागली. मला तेव्हाच कळलं, साहेब."

"मग वसतिगृहात का सांगितलं नाही?"

"दोन्ही लाल पट्ट्याची माझ्याच घरी आली असतील, असं मनाला समजावलं. घरची दोन्ही ओतून टाकली. सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. सोमवारी सकाळी हाक आली तेव्हा मी देवापुढं बसलो होतो."

पत्र त्यानं सोमवारी दुपारीच लिहिलं. मुलगा गेल्याचा निरोप आल्यावर तासाभरात. पंपवाल्याचंच नाव का सुचलं, असं मी विचारलं. तो म्हणाला, "त्याच्यावर कोणी पटकन विश्वास ठेवणार नाही, हे माहीत होतं." हे वाक्य मी जबाबात जसंच्या तसं लिहून घेतलं. ते लिहिताना मला ते माझ्याबद्दलही वाटलं.

त्या संध्याकाळी मी कॉलेजच्या कार्यालयात बसून पंपवाल्याची सबंध फाईल पहिल्या पानापासून वाचली. कारकुनानं मला फक्त शेवटचं पान दाखवलं होतं. त्याच्या आधी एक अर्ज होता, पेन्सिलीनं, मोठ्या अक्षरात लिहिलेला. नवी पिंपं आधी कशासाठी वापरली होती हे कळवावं, तपासणी झाल्याशिवाय त्यात पिण्याचं पाणी भरू नये, लष्करात असा नियम आहे. अर्जावर प्राचार्यांचा शेरा होता, अभिप्रायासाठी मुख्य कारकुनाकडं. खाली कारकुनाचा अभिप्राय होता, सदर इसम वरिष्ठांच्या कामात ढवळाढवळ करतो. आणि मग नोटीस. हाच तो अर्ज, जो पंपवाला मला सांगत होता आणि मी ऐकला नव्हता.

प्राचार्य शेजारीच बसले होते. मी तो कागद त्यांच्यापुढं सरकवला. त्यांनी चष्मा लावून वाचला, परत वाचला. त्यांच्यावर गुन्हा होत नव्हता. नंतर सरकारी वकिलांचंही मत तेच पडलं. पण दुसऱ्या दिवशी ते आपणहून ठाण्यावर आले आणि म्हणाले, माझा जबाब घ्या. जबाबातलं शेवटचं वाक्य त्यांनी मला शब्द सांगून लिहायला लावलं: "पिंपं इतकी स्वस्त कशी मिळाली, हे मी विचारलं नाही. विचारलं तर महाग घ्यावी लागतील, अशी मला भीती होती."

खटल्याचं सांगतो. कारकुनाला हलगर्जीपणानं मृत्यू घडवल्याबद्दल आणि खोट्या माहितीनं निरपराध माणसाला गुंतवल्याबद्दल शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी मेलेल्या मुलाचे वडील आष्ट्याहून आले होते. निकाल ऐकून त्यांनी मला विचारलं, पंपावरचा तो माणूस कुठं भेटेल? मी पत्ता दिला. त्यांचं काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. प्राचार्यांनी वर्षअखेरीला राजीनामा दिला. जाण्याआधी त्यांनी फी वाढवली, पहिल्यांदाच, आणि पत्र्याच्या नव्या टाक्या घेतल्या. गावात त्यावरून त्यांना शिव्याही पडल्या. पंपवाल्याची नोटीस रद्द झाली. पाणी साठवायची कुठलीही वस्तू त्यानं पाहिल्याशिवाय आवारात घ्यायची नाही, असा लेखी ठराव संस्थेनं केला, आणि तो तिथंच निवृत्त झाला.

मला या प्रकरणानं काय शिकवलं, तर दोन-तीन साध्या गोष्टी. निनावी पत्र आलं की त्यात कोणाचं नाव आहे हे मागाहून बघायचं. लिहिणाऱ्याला जे माहीत असायला नको ते त्याला कसं माहीत, हे आधी बघायचं. कोणी आपणहून कागद काढून दिला तर त्याच्या आधीचं पान मागायचं. आणि ज्याच्यासाठी रदबदलीला कोणी येत नाही, त्याच्याबाबतीत दुप्पट सावध राहायचं. संशय घेणं हे आमचं कामच आहे, त्याबद्दल मी कधी माफी मागणार नाही. पण त्या वेळी मी हाताशी आला तो संशय उचलला, कारण त्याला कष्ट पडत नव्हते. प्राचार्यांनी पिंपं घेतली तशीच मी अटक केली. पुढं नवीन फौजदारांना शिकवताना मी ही गोष्ट सांगायचो. कानाखाली मारल्याचं मात्र गाळायचो.

एक प्रसंग सांगायचा राहिला. दहाव्या दिवशी मॅजिस्ट्रेटचा हुकूम घेऊन आलो आणि पंपवाल्याला कोठडीतून माझ्या खोलीत बोलावलं. तो येऊन उभा राहिला, तसाच ताठ. मी म्हटलं, "बसा." इतक्या दिवसांत मी त्यांना पहिल्यांदाच अहो-जाहो केलं. ते जरा थांबून बसले. मी सगळं सांगितलं, पिंपांचं, कारकुनाचं, अर्जाचं. शेवटी म्हणालो, "माझी चूक झाली." खात्यात असं बोलायची पद्धत नव्हती. जमादारांनी नजर खाली घातली.

पंपवाल्यांची बायको बाहेर कपड्यांचं गाठोडं घेऊन उभी होती. शिपायानं व्हरांड्यातल्या माठातून पाण्याचा पेला भरून आणून त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी पेला उचलला, उजेडात धरला आणि परत खाली ठेवला.

"ह्यो माठ कवा धुतला हुता, सायेब?"

मी जमादारांकडं बघितलं. जमादारांनी ठाणे अंमलदाराकडं. त्याला माहीत नव्हतं. मी त्या ठाण्यात दोन वर्षं होतो, रोज त्याच माठातलं पाणी पीत होतो, आणि मलाही माहीत नव्हतं.

ते उठले. माठ दोन्ही हातांनी उचलून अंगणात नेला, पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतलं, बायकोकडून शेजारच्या हॉटेलातली राख आणि काथ्या मागवून घेतला आणि उकिडवे बसून आतून घासायला लागले. शिपाई पुढं झाला तेव्हा त्याला हातानंच थांबवलं. सगळं ठाणं व्हरांड्यात उभं राहून बघत होतं. माठ तीनदा खळबळून, नव्यानं भरून, झाकण घालून त्यांनी जागेवर ठेवला. मग गाठोडं खांद्यावर टाकलं आणि बायकोबरोबर फाटकातून बाहेर पडले.

त्यांनी पाणी काही प्यायलं नाही.